मिंट टाकलं तरी सरळ विंडोजच उघडतं, वर बिटलॉकर की मागतोय. फॉरमॅटच्या आधी हे बघा

आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही गडबड असेल तर इथेच लक्षात येईल. मुलगी इंजिनिअरिंगला, कॉलेजची प्रॅक्टिकल्स लिनक्सवर, म्हणून घरच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर तुम्ही सी ड्राइव्ह थोडा लहान केला आणि रिकाम्या झालेल्या जागेत 'समथिंग एल्स' निवडून लिनक्स मिंट २२ टाकलं. इन्स्टॉल शेवटपर्यंत व्यवस्थित गेलं, पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट केलं तर सरळ विंडोज उघडलं, मिंटचा पत्ताच नाही. मग कुणीतरी सांगितलं सिक्युअर बूट (फक्त ओळखीच्या सहीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सेटिंग) बंद करा, ते केल्यावर निळी स्क्रीन आली आणि आता ती बिटलॉकरची, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची, ४८ आकडी की मागतेय. घाबरून परत पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट, चालवलं तर डी ड्राइव्ह उघडत नाही. आणि दुकानवाला म्हणतोय, आणून द्या, फॉरमॅट मारून देतो, डेटाची गॅरंटी नाही.

फॉरमॅट मारू नका. निदान हे पूर्ण वाचून होईपर्यंत तरी नको.

मी घरगुती आणि छोट्या ऑफिसांची कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून ड्युअल बूटची, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टिम ठेवायची, प्रकरणं जरा जास्तच यायला लागलीयत, कारण जुनी मशीन टाकवत नाही आणि विंडोज ११ त्यावर चढत नाही. तुमचं मशीन नवीन आहे पण गोंधळ तोच. आणि तुम्हाला ज्या तीन अडचणी वाटतायत (मिंट दिसत नाही, की मागतोय, डी उघडत नाही) त्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एकीचा दुसरीशी संबंध थोडाच आहे. सगळं एकदम घडल्यामुळे डिस्कच गेली असं वाटतं. तुमच्या वर्णनात डिस्क गेल्याची एकही खूण मला दिसत नाही. म्हणून एकेक सोडवू, आणि क्रम महत्त्वाचा आहे, कारण चुकीच्या क्रमाने केलं तर जे आत्ता शाबूत आहे तेही जाऊ शकतं.

सगळ्यात पहिलं काम, सिक्युअर बूट परत चालू करा. हो, जे बंद केलंत तेच. मशीन चालू करून एफ २ किंवा डिलीट किंवा तुमच्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबून बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जा, सिक्युअर बूट एनेबल, सेव्ह, एक्झिट. बहुतेक वेळा एवढ्यावरच की मागणं थांबतं आणि विंडोज पहिल्यासारखं उघडतं. असं का होतं ते सांगतो. बिटलॉकरची कुलूपकिल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये ठेवलेली असते, आणि मशीन सुरू होताना सिक्युअर बूट चालू होतं का, कुणाच्या सहीचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) चालला, याची नोंद ती चिप तपासते. नोंद नेहमीसारखी असेल तर किल्ली गुपचूप देते, तुम्हाला कळतही नाही की डिस्कला कुलूप होतं. तुम्ही सिक्युअर बूट बंद केल्यावर नोंद बदलली, चिपला वाटलं कुणीतरी चोर आलाय, तिने किल्ली दिली नाही, आणि विंडोजने तुमच्याकडे मागितली. स्थिती जशी होती तशी करून दिली की चिपचं समाधान होतं. यात डेटाला काहीही झालेलं नाही.

"पण मी कधी बिटलॉकर चालू केलंच नव्हतं" असं तुम्ही म्हणाल, बहुतेक सगळे म्हणतात. खरं आहे, तुम्ही नाही केलं. विंडोज ११ च्या होम आवृत्तीत त्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात आणि नवीन लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते आपोआप चालू होतं, २४एच२ आवृत्तीपासून तर त्याच्या अटी आणखी सैल केल्यायत त्यामुळे पूर्वी ज्या मशीनवर लागत नव्हतं तिथेही लागतं. घरात कुणालाच माहीत नसतं. माहीत होतं ते असं निळ्या स्क्रीनवर.

सिक्युअर बूट परत चालू करूनही की मागत असेल तर ती शोधावी लागेल. फोनवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये जा, तिथे तुमच्या लॅपटॉपच्या नावाखाली बिटलॉकर रिकव्हरी की असते. निळ्या स्क्रीनवर की आयडी लिहिलेला असतो, त्याची पहिली आठ अक्षरं अकाउंटमधल्या आयडीशी जुळवून बघा, एकाच अकाउंटखाली दोन-तीन मशीनच्या कीज असतात आणि लोक चुकीची की टाकत बसतात. आता खरी मेख अशी की ते अकाउंट कुणाचं? माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत निम्मा वेळ याच्यातच जातो. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या पोऱ्याने "मी सेट करून देतो" म्हणून स्वतःच्याच मेल आयडीने सुरू करून दिलेला असतो, नाहीतर भाच्याने त्याच्या. कधी मुलीच्या कॉलेजचा आयडी असतो, मग की कॉलेजच्या आयटीवाल्यांकडे असते, त्यांना मेल करून मागावी लागते आणि ते देतात. तेव्हा घरात सगळ्यांना विचारा, पहिल्या दिवशी लॅपटॉप कुणी सुरू केला होता, कुठल्या मेलने. की मिळाली की कागदावर लिहून ठेवा, पूर्ण ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट असतात. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नोटपॅडमध्ये सेव्ह करून ठेवणारेही भेटलेत, असो.

आणि की कुठेच सापडली नाही, सिक्युअर बूट चालू करूनही काही झालं नाही, तर मात्र तो डेटा परत मिळत नाही, मी काय किंवा आणखी कोण काय, ते कुलूप तोडता येत नाही. जो म्हणतो तोडून देतो त्याला पैसे देऊ नका. पण तुमच्या बाबतीत वेळ तिथपर्यंत जाईल असं मला वाटत नाही.

विंडोज उघडलं की लगेच दुसरं काही करू नका, आधी मुलीच्या असाइनमेंट, फोटो, जे काय लाखमोलाचं आहे ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात डिव्हाइस एन्क्रिप्शन, ते बंद करायचं की नाही ते ठरवा. इथे माझं मत परिस्थितीवर अवलंबून आहे. लॅपटॉप घराबाहेर फिरतो, हॉस्टेलवर, एसटीत, लोकलमध्ये, तर एन्क्रिप्शन असू द्यावं, चोरीला गेला तर निदान आतलं कुणाच्या हाती लागत नाही. घरात टेबलावर असतो आणि दोन्ही सिस्टिममधून एकच डी ड्राइव्ह वापरायचाय, तर बंद केलेलं सोयीचं. बंद केलंत तर डिस्क पूर्ण उघडी व्हायला वेळ लागतो, चार्जर लावून ठेवा आणि होईपर्यंत मध्येच बंद करू नका.

आता मिंट. मिंट गेलेलं नाही, ते डिस्कवर जिथे टाकलंत तिथेच बसलेलं आहे. सोसायटीच्या खाली जी नावांची पाटी असते ना, तसं समजा, फ्लॅट आहे, माणूस राहतोय, फक्त पाटीवर नाव वर लागलेलं नाही किंवा लागलेलंच नाही, म्हणून कुरिअरवाला पहिलं नाव बघून विंडोजच्या दारात जातो. ही पाटी डिस्कवर नसते, मदरबोर्डच्या छोट्या मेमरीत असते. मशीन सुरू झालं की ती यादी वाचली जाते, यादीतल्या पहिल्या नावासमोर पत्ता असतो, तो पत्ता ईएफआय पार्टिशनमधल्या एका फाइलचा. हे पार्टिशन विंडोजनेच बनवलेलं असतं, बऱ्याचदा जेमतेम १०० एमबीचं, फॅट३२ मध्ये, विंडोजमध्ये त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं म्हणून ते दिसत नाही. त्याच्यात ईएफआय नावाच्या फोल्डरमध्ये मायक्रोसॉफ्टचं एक फोल्डर आणि लिनक्सचं एक फोल्डर, शेजारी शेजारी, कुणी कुणाला पुसत नाही. पूर्वीच्या मशीनमध्ये डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये एकच बूटलोडर बसायचा आणि नंतर आलेला आधीच्याला हाकलायचा, "लिनक्स टाकलं की विंडोज उडतं" ही जी भीती अजून लोकांच्या मनात आहे ती त्या काळातली.

तेव्हा आधी पाटी वाचा. मशीन चालू करताना बूट मेनूचं बटण दाबायचं, एचपीला एफ ९, डेल आणि लेनोवोला एफ १२, आसूसला एस्केप, एमएसआयला एफ ११, एसरला एफ १२ पण ते आधी बायॉसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. बटण पकडलंच जात नसेल, आणि हल्ली एसएसडीमुळे मशीन इतकं पटकन पुढे जातं की दाबेपर्यंत विंडोजचा लोगो येतो, तर सोपी युक्ती, विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, निळा मेनू येईल, त्यात 'यूज अ डिव्हाइस' असतं, तीच यादी तिथे दिसते.

आणि इथे एक गंमत आहे जी माहीत नसल्यामुळे लोक तासन्‌तास शोधत बसतात. यादीत 'मिंट' असं नाव शोधू नका. मिंट हे उबुंटूवर बांधलेलं आहे आणि त्याचं फोल्डर आणि यादीतलं नाव दोन्ही 'उबुंटू' असंच पडतं. तुम्ही बूट मेनू बघितला असेल आणि "हे काय भलतंच, मी तर उबुंटू टाकलंच नाही" म्हणून सोडून दिलं असेल अशी मला दाट शंका आहे. ते निवडा. मिंटचा काळा मेनू, म्हणजे ग्रब, आला तर तुमचं काम नव्वद टक्के झालं, उरलं फक्त बायॉसच्या बूट ऑर्डरमध्ये जाऊन उबुंटूला 'विंडोज बूट मॅनेजर'च्या वर नेऊन ठेवायचं.

काही लॅपटॉपचं बायॉस हटवादी असतं, वर ठेवलं, सेव्ह केलं, पुढच्या वेळी बघावं तर विंडोज परत वर. काही मॉडेलवर बायॉसला सुपरवायझर पासवर्ड लावल्याशिवाय हे पर्याय उघडतच नाहीत, पासवर्ड लावला की 'ही ईएफआय फाइल विश्वासाची समजा' असा एक पर्याय जागा होतो, तिथून उबुंटूच्या फोल्डरमधली शिम (shim) नावाने सुरू होणारी फाइल, म्हणजे लिनक्सचा सही केलेला पहिला बूटलोडर, निवडायची. पासवर्ड लावलात तर तोही त्या कीच्याच कागदावर लिहा, विसरलात तर बायॉस उघडायला सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. आणि काही मशीन कशानेच ऐकत नाहीत. अशा वेळी मी विंडोजच्याच बूट मॅनेजरला शिमचा पत्ता द्यायची जी ट्रिक नेटवर सापडते ती घरगुती मशीनवर करत नाही, चालते ती, पण पुढे एखाद्या मोठ्या अपडेटनंतर काय बिघडलं हे घरच्या माणसाला शोधता येत नाही. त्यापेक्षा मुलीला सांगायचं, मिंट पाहिजे तेव्हा बटण दाबून निवड. दिवसातून एकदा एक बटण दाबणं, काही जड नाही.

यादीत उबुंटू नावच नसेल तर मात्र पुढे जावं लागेल. पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह चालू करा, आणि पेनड्राइव्ह निवडताना नीट बघा, बऱ्याच मशीनवर तोच पेनड्राइव्ह यादीत दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे यूईएफआय लिहिलेला. यूईएफआयवालाच निवडायचा, ती मशीन सुरू करायची नवी पद्धत. हे बोअर वाटेल पण ज्या इन्स्टॉलमध्ये दोन्ही सिस्टिम एकमेकींना ओळखतच नाहीत त्यात हे कारण मला फार वेळा दिसलंय. विंडोज यूईएफआय पद्धतीने बसलेलं आणि लिनक्स जुन्या लेगसी पद्धतीने, मग लेगसी ग्रबला यूईएफआयचं विंडोज सुरू करताच येत नाही आणि दोघांपैकी एकच चालतं. विंडोज कसं बसलंय ते विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'बायॉस मोड'समोर लिहिलेलं असतं. विंडोज ११ सकट विकत घेतलेल्या लॅपटॉपवर हा घोळ व्हायची शक्यता कमी, पण जुन्या असेंबल्ड डेस्कटॉपवर हमखास.

लाइव्हमध्ये आलात की टर्मिनल उघडून ईएफआयबूटएमजीआर (efibootmgr) ही कमांड द्या, सलग, सगळी लहान अक्षरं, पुढे काही नको. नुसती यादी दाखवते, काही बदलत नाही. वर 'बूटऑर्डर' म्हणून चार-चार आकड्यांची रांग दिसेल, समजा ००००,०००३, आणि खाली ०००० समोर विंडोज बूट मॅनेजर, ०००३ समोर उबुंटू. हीच ती पाटी. ०००३ ची ओळ आहे पण रांगेत मागे आहे तर फक्त क्रमाचा प्रश्न. ओळच नाही तर नोंद झालेली नाही किंवा बायॉसने पुसून टाकली.

ओळ नसेल तर हाताने कमांड मारत बसायची तुम्हाला गरज नाही. मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हमध्येच मेनूत अ‍ॅडमिनिस्ट्रेशनखाली 'बूट रिपेअर' नावाचं टूल असतं. लॅपटॉपला वायफाय किंवा मोबाइलचं यूएसबी टेदरिंग जोडा, टूल उघडा, 'रेकमेंडेड रिपेअर' दाबा. ते ग्रब परत बसवतं आणि नोंद करतं. फक्त अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये शिरू नका, त्यात विंडोजच्या ईएफआय फाइलींची नावं बदलायचा एक पर्याय आहे, त्याने हटवादी बायॉसला फसवता येतं खरं पण नंतर विंडोजची दुरुस्ती करायची वेळ आली की सगळे गोंधळतात. टूल शेवटी एक लांबलचक रिपोर्ट बनवतं, तो सेव्ह करून ठेवा, कामाला येतो.

तर इथपर्यंतचा क्रम, सिक्युअर बूट चालू, की हातात, डेटाची कॉपी बाहेर, मग बूट मेनूत उबुंटू शोधणं, आणि नसेल तरच बूट रिपेअर.

ग्रब दिसायला लागला पण त्यात विंडोज दिसत नाही असंही होतं. याचं कारण म्हणजे ग्रबने २.०६ या आवृत्तीपासून शेजारची सिस्टिम शोधणारा भाग, ओएस-प्रोबर, सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवला. मिंटने तो परत चालू ठेवलाय म्हणून तुम्हाला बहुधा अडचण येणार नाही, सुडो लावून अपडेट-ग्रब (sudo update-grub) ही कमांड एकदा दिली की विंडोजची ओळ येते. दुसऱ्या काही लिनक्समध्ये ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत तो आधी चालू करावा लागतो.

आणि एक बारीक पण तुमच्या कामाची गोष्ट, एन्क्रिप्शन चालू ठेवणार असाल तर विंडोज ग्रबमधून सुरू करू नका, बूट मेनूतून सुरू करा. ग्रबमधून गेलं की टीपीएमच्या नोंदीत मध्ये लिनक्सचा शिम येतो, नोंद बदलते, आणि परत तीच निळी स्क्रीन. प्रत्येक मशीनवर होतंच असं नाही, पण होतं तेव्हा लोकांना वाटतं मिंटने विंडोज खराब केलं.

डी ड्राइव्हचं बघू. लाइव्हमधून उघडत नाही याला दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही वेगळ्या मेसेजवरून ओळखता येतात. क्लिक केल्यावर पासवर्ड किंवा पासफ्रेज मागत असेल, तर डी वरही बिटलॉकर आहे, डिव्हाइस एन्क्रिप्शन सी सोबत आतले बाकीचे ड्राइव्हही धरतं. डी ला त्याची स्वतःची वेगळी की असते, अकाउंटमध्ये तीही दिसेल, ती टाकून उघडता येतो किंवा विंडोजमधून एन्क्रिप्शन बंद करायचं. पण मेसेजमध्ये विंडोज हायबरनेट झालंय असं काही असेल, किंवा ड्राइव्ह उघडतो पण त्यात काही सेव्ह करता येत नाही, तर ते फास्ट स्टार्टअपचं काम. विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन राहिलेलं नाही, विंडोज आपला आतला गाभा डिस्कवर झोपवून ठेवतं म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. तेवढ्या वेळात ड्राइव्हची वही अर्धवट उघडी असते, आणि लिनक्स शहाणपणाने त्यात लिहायला नकार देतं. जबरदस्तीने लिहायचे मार्ग नेटवर सांगितलेले आहेत, ते करू नका, फाइली खराब होण्याचा खरा धोका इथेच आहे, इन्स्टॉल करण्यात नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, डावीकडे पॉवर बटणाने काय करायचं ते निवडायची लिंक, तिथे 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची टिक काढा. टिक दाबता येत नसेल तर वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ आधी दाबायची. एसएसडी असेल तर सुरू व्हायला जो काही फरक पडेल तो जाणवणारही नाही.

सिक्युअर बूट बंद करायला ज्याने सांगितलं त्याचा दोष नाही तसा, जुना सल्ला आहे आणि एके काळी बरोबर होता. मिंटचा बूटलोडर सही केलेला असतो, सिक्युअर बूट चालू असताना तो चालतो. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ड्रायव्हर टाकताना मिंट तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला लावतं आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या रंगाची वेगळीच स्क्रीन येते, 'एनरोल एमओके' म्हणून, तिथे घाबरून कंटिन्यू दाबून पुढे जाऊ नका, एनरोल करून तोच पासवर्ड टाका, नाहीतर ड्रायव्हर चालणार नाही.

तरी सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायची वेळ येते, नाही असं नाही. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जगभर ड्युअल बूटवाल्यांना "शिम एसबॅट डेटा व्हेरिफाय झाला नाही" अशा अर्थाचा मेसेज येऊन मशीन बंद पडायला लागली होती. जुन्या, धोकादायक बूटलोडरना अडवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने यादी टाकली, ड्युअल बूट असेल तर ती लागू होणार नाही असं म्हटलं होतं, पण सगळीकडे ते ओळखता आलं नाही. नंतर २०२५ च्या मे महिन्यातल्या अपडेटमध्ये ते निस्तरलं. तुमचा मेसेज तो नाही, पण जुना आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) वापरून इन्स्टॉल करणाऱ्या कुणाला हे दिसलं तर उपाय असा की सिक्युअर बूट थोडा वेळ बंद, लिनक्समध्ये जाऊन सगळे अपडेट्स, मोकयुटिल (mokutil) कमांडने ती एसबॅट पॉलिसी, म्हणजे अडवायच्या बूटलोडरची यादी, काढणं, आणि सिक्युअर बूट परत चालू. एन्क्रिप्शन असेल तर हे करायच्या आधी की जवळ हवी, हे आता वेगळं सांगायला नको.

बायॉसमध्ये आहातच तर स्टोरेजच्या भागात व्हीएमडी किंवा आरएसटी असं काही दिसेल, त्याला हात लावू नका. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही तेव्हा ते बंद करायला सांगतात. तुम्हाला डिस्क दिसली, इन्स्टॉल झालं, म्हणजे तुमचा तो प्रश्न नाही. तयारी न करता ते बदललं तर विंडोज 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून बसेल आणि तुमच्या तीन अडचणींच्या चार होतील.

एक विचारतो, राग मानू नका. मुलीला ड्युअल बूट खरंच लागतंय का? सी चे प्रोग्रॅम, शेल स्क्रिप्ट, प्रोसेस आणि थ्रेडची प्रॅक्टिकल्स, पायथॉन, एवढंच असेल तर विंडोजच्या आतच डब्ल्यूएसएल टाकून खरंखुरं लिनक्सचं टर्मिनल मिळतं, पार्टिशनला हात लावायची गरज नाही, बायॉस नाही, की नाही. मी बऱ्याच पालकांना तेच सांगतो. पण कर्नल मॉड्यूल लिहायचं असेल, नेटवर्किंगचे प्रयोग असतील, किंवा तिला स्वतःलाच लिनक्स रोजच्या वापराला हवं असेल आणि रॅम आठ जीबीच असेल, तर ड्युअल बूटच बरं, व्हर्च्युअल मशीनमध्ये आठ जीबीत दोन्हीकडे रखडायला होतं. लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीची जागा रिकामी असेल तर सगळ्यात निवांत मार्ग म्हणजे छोटी वेगळी एसएसडी टाकून मिंट तिच्यावर. फक्त मग इन्स्टॉल करताना ईएफआय पार्टिशन आणि बूटलोडर दोन्ही त्या नवीन एसएसडीवरच जातायत ना ते बघून घ्यावं, इन्स्टॉलर गुपचूप पहिल्याच डिस्कवर टाकतो, आणि पुढे कधी ती डिस्क काढली की लिनक्स सुरू होत नाही, हे प्रकरण दुरुस्तीला नेहमी येतं.

उलट बाजूनेही सांगून ठेवतो, मिंट नकोच असं ठरलं तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून त्याची पार्टिशन थेट उडवू नका. पार्टिशन गेलं तरी पाटीवर नाव राहतं, ग्रब सुरू होतो, त्याला त्याचं सामान सापडत नाही, आणि काळ्या स्क्रीनवर नुसतं 'ग्रब' लिहून पुढे कर्सर लुकलुकत बसतो. तसं झालंच तर एक्झिट टाइप करून एंटर दाबा, बऱ्याचदा तो पुढच्या नोंदीवर म्हणजे विंडोजवर जातो. पण आधी बायॉसमध्ये विंडोज वर घेऊन, विंडोज नीट उघडतंय बघून, मगच पार्टिशन काढणं सरळ.

सगळं जमलं की एक शेवटची तक्रार येईल, तेव्हा आत्ताच सांगतो. मिंट वापरून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. बॅटरी गेलेली नाही. मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच आपली स्थानिक वेळ समजतं, भारतात फरक बरोबर साडेपाच तासांचा. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल कमांडने सेट-लोकल-आरटीसी हा पर्याय १ केला (timedatectl set-local-rtc 1) की दोघांचं एकमत होतं. वेळ चुकीची राहिली तर विंडोजमध्ये साइट उघडताना सर्टिफिकेटचे एरर येतात आणि लोक नेटवाल्याला फोन करतात.

यातून अडलात तर मला तीन गोष्टी पाठवा, लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल (मागच्या स्टिकरवर असतं), बूट मेनूच्या यादीचा फोटो, आणि लाइव्हमधून ईएफआयबूटएमजीआरने दाखवलेली यादी. रिकव्हरी कीचा फोटो मात्र कुणालाही पाठवू नका, मलाही नको. आणि दुकानवाल्याला तोवर सांगा, थांब.